आईसाठी मांजर आणताय? आधी आईचा दिवस बघा

एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना सोबत म्हणून मांजर आणून द्यावं, हा विचार बहुतेक वेळा मुलांच्या डोक्यात येतो. व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, "संध्याकाळ खायला उठते रे," आणि त्याच रात्री मुलगा बंगळुरूत नाहीतर न्यू जर्सीत बसून पर्शियन पिल्लांचे फोटो चाळायला लागतो. हेतू चांगला असतो, पण सुरुवात उलट्या टोकाने झालेली असते. फोटोत मांजर किती गोड दिसतं याने काहीच ठरत नाही. आई किती वाजता उठते, तिचे गुडघे किती वाकतात, वर्षातले किती महिने ती घरात नसते आणि उद्या तिला जमेनासं झालं तर मांजर कोण नेणार, यावर सगळं ठरतं.

हा लेख घरात पहिल्यांदाच मांजर आणणाऱ्यांसाठी आहे. 'आई' म्हटलंय तिथे बाबा, आत्या, मावशी, शेजारच्या आजी, जे कोणी असतील ते धरा.

पहिली पायरी: विचारा

वाढदिवसाला टोपलीत पिल्लू घालून 'सरप्राइज' देऊ नका. साडी नाही आवडली तर बदलून आणता येते. मांजराचं तसं नसतं, आणि मुलाने हौसेने आणलंय म्हणून आई नको म्हणत नाही. मग पुढची पंधरा वर्षं ती भिडेखातर सांभाळते.

विचारताना "मांजर हवंय का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "कशाला उगीच" हेच येणार. लहानपणी घरी मांजर होतं का, ते विचारा. कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावात वाढलेल्या बहुतेकांच्या घरी चुलीपाशी एखादी मनी असायचीच. मात्र ती मांजरं उंदरांवर आणि ताटातल्या उरल्यासुरल्यावर जगायची, बाहेर जायची आणि बाहेरच करून यायची. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं मांजर ही वेगळीच गोष्ट आहे. रोज विष्ठेची पेटी, म्हणजे मांजराने शी-शू करायची मातीची पेटी, साफ करावी लागते, दोन वेळा मोजून खायला द्यावं लागतं आणि वर्षातून एकदा लशीसाठी न्यावं लागतं. हे आधी स्पष्ट सांगा, आणि मग होकार आला तर तो खरा.

यानंतर तीन गोष्टी बघायच्या.

एक, आई घरात किती असते? वर्षातले सहा महिने ती मुलीकडे अमेरिकेत जात असेल, तर तिच्यासाठी कायमचं मांजर आणू नका. त्याऐवजी प्राणी वाचवणाऱ्या संस्थांना 'फोस्टर' लागतात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत मांजराला आपल्याकडे ठेवणारी माणसं. दोन-तीन महिने एखादी ऑपरेशन झालेली मांजरी सांभाळायची, तिला घर मिळालं की द्यायची. खाण्याचा आणि डॉक्टरचा खर्च बऱ्याचदा संस्था उचलते. ज्यांना सोबत हवी आहे पण पंधरा वर्षांचा शब्द देता येत नाही, त्यांच्यासाठी ही सोय फार चांगली आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नसते.

दोन, आईची तब्येत. दमा किंवा ॲलर्जी असेल तर मांजर असलेल्या घरी तिला दोन-तीनदा तासभर बसवून बघा. त्रास केसांचा नसतो, मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाचा असतो, म्हणून 'कमी केसांची जात' घेऊन तो टळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह असेल तर ओरखडे आणि चावे हलक्यात घेता येत नाहीत. त्याचा अर्थ मांजर नकोच असा नाही, शांत मांजर हवं असा आहे. केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर मात्र आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. विसराळूपणा वाढत असेल तर मांजर कधी दोन दिवस उपाशी राहील, कधी दिवसात पाच वेळा जेवेल. अशा घरी रोज येणारं दुसरं माणूस असल्याशिवाय मांजर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तीन, स्वयंपाकघर. शाकाहारी घरात हा प्रश्न येतोच आणि मांजर आल्यावर येण्यापेक्षा आधी आलेला बरा. मांजर दूध-पोळीवर जगत नाही. त्याला टॉरीन नावाचा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर मांजराचं हृदय कमकुवत होऊन पसरतं, हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. डोळेही जातात. आईला घरात चिकन शिजवणं नको असेल तर कोरडं तयार खाणं देता येतं. घट्ट झाकणाचा डबा, वेगळा चमचा, वेगळी वाटी आणि जागा बाल्कनीत, एवढ्यावर सोवळ्यातल्या आज्यांनीही तडजोड केलेली आहे. पण तेही चालणार नसेल, तर मांजर नको. मांजराला शाकाहारी करण्याचा हट्ट त्याच्या जिवावर बेततो.

दुसरी पायरी: पुढचा माणूस ठरवा

ही पायरी सगळे टाळतात, कारण बोलायला अवघड जातं. घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं, काही अठरा-वीसपर्यंतही जातात. आई चौऱ्याहत्तरची असेल आणि पिल्लू दोन महिन्यांचं असेल, तर गणित स्वतःच करा.

म्हणून मांजर घरात यायच्या आधी एक माणूस नक्की करा, जो आई आजारी पडली, तुमच्याकडे राहायला आली किंवा गेली तर मांजर घेईल. "बघू तेव्हा" म्हणणारा नको, "हो, मी नेईन" म्हणणारा हवा. तो तुम्हीच असाल तर तुमच्या घरमालकाला आणि बायकोला किंवा नवऱ्याला आत्ताच विचारून ठेवा. आईला मृत्युपत्रात मांजरासाठी काही ठेवायचं असेल तर पैसे मांजराच्या नावावर ठेवता येत नाहीत, कारण कायद्याने जनावर वारस होऊ शकत नाही. सांभाळणाऱ्याच्या नावाने ठेवावे लागतात.

हा झाला लांबचा माणूस. जवळचाही एक लागतो, त्याच मजल्यावरचा किंवा त्याच इमारतीतला, ज्याच्याकडे किल्ली असेल. आई रात्री अचानक हॉस्पिटलात भरती झाली तर सगळे तिच्यामागे धावतात आणि मांजर घरात कोंडलेलं राहतं, हे खरंच होतं. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक कागद लावा: घरात मांजर आहे, नाव अमुक, खाणं अमुक डब्यात, जनावरांच्या डॉक्टरांचा फोन, नेणाऱ्या माणसाचा फोन.

तिसरी पायरी: कोणतं मांजर?

आधी वय. पिल्लू नको. किती गोड असलं तरी नको. पिल्लू पडद्यावर चढतं, पहाटे चार वाजता पायाच्या अंगठ्यावर झडप घालतं, हाताला खेळणं समजून चावतं, आणि सत्तरीच्या हाताची कातडी कागदासारखी झालेली असते. शिवाय ते घरभर पायात घोटाळतं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत कुत्र्यामांजरांमुळे पडून झालेल्या दुखापती वर्षाला ८६,०००च्या वर होत्या. त्यातल्या बहुतेक कुत्र्यांमुळे झाल्या होत्या हे खरं, पण खुब्याचं हाड मोडायला एक मांजर पुरे होतं.

तीन वर्षांच्या पुढचं मांजर बघा. आई ऐंशीच्या घरात असेल तर सात-आठ वर्षांचं, दहा वर्षांचंही चालेल. मोठ्या मांजराचा स्वभाव ठरलेला असतो, त्यात जुगार नसतो. ते दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतं आणि आईची दुपार तशीच असते. संस्थांकडे अशी मोठी मांजरं पडून राहतात, कारण येणारा प्रत्येक जण पिल्लूच मागतो. मालक परदेशी गेले किंवा वारले म्हणून आलेलं मांजर त्यांच्याकडे असेल तर आवर्जून विचारा. ते घरात राहायला, पेटीत करायला आणि माणसाजवळ बसायला शिकलेलं असतं.

मग जात. आपल्याकडे पर्शियनची मोठी हौस आहे. ते शांत असतं हेही खरं. पण त्याचे केस रोज विंचरावे लागतात. चार दिवस राहिले की काखेत आणि पोटाखाली जटा होतात, आणि मग भूल देऊन भादरण्याची पाळी येते. चपट्या तोंडामुळे डोळ्यांतून सतत पाणी येतं, ते रोज पुसावं लागतं. उन्हाळ्यात श्वासाचा त्रास होतो. या जातीत किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही आढळतो. संधिवाताच्या बोटांना हे सगळं रोज झेपणार आहे का? सयामी अखंड बोलतं. ज्या आजींना घरात आवाज हवा त्यांना ते आवडेलही, पण शेजाऱ्यांचं काय ते बघा. बेंगाल नावाचं ठिपकेदार मांजर तर अर्ध्या बिबट्याच्या ताकदीने घर पालथं घालतं, त्याचा विचारही नको.

साधं देशी मांजर घ्या. आखूड केस, आठवड्यातून दोनदा ब्रश फिरवला की काम झालं. वजन तीन ते चार किलो, म्हणजे दवाखान्यात न्यायच्या पेटाऱ्यासकट उचलता येण्यासारखं. आपल्या हवेत त्याला एसी लागत नाही. आणि विकत घ्यावं लागत नाही.

बोका की मांजरी? नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असेल तर फार फरक नाही. ऑपरेशन न झालेला बोका सोफ्यावर, कपाटावर उभा राहून धार मारतो आणि तो वास महिनोन् महिने जात नाही. मांजरी माजावर आली की रात्र रात्र ओरडते. म्हणून ऑपरेशन झालेलंच आणा, 'नंतर करू' वर विश्वास ठेवू नका. माझा कल बोक्याकडे आहे, ऑपरेशन झालेले बोके मांडीवर पसरायला जास्त तयार असतात असा अनुभव आहे. पण बोक्यांना लघवी अडकण्याचा धोका जास्त, त्याबद्दल खाली लिहिलंय.

रंगाचा विचार कोणी करत नाही, मी करायला सांगेन. आईची नजर कमी असेल तर फरशीशी विरोधी रंगाचं मांजर निवडा. करड्या शहाबादी फरशीवर करडं पट्टेरी मांजर तिन्हीसांजेला दिसतच नाही. पांढऱ्या गुळगुळीत टाइल्सवर पांढरं मांजर तसंच. काळा-पांढरा किंवा पिवळा बोका जवळपास कुठल्याही फरशीवर उठून दिसतो. गळ्यात घंटी बांधायची असेल तर पट्टा ओढ बसताच आपोआप सुटणारा घ्या, नाहीतर खिडकीच्या गजात अडकून गळफास बसतो.

एकच आणा. मोठ्या मांजराला दुसऱ्या मांजराची गरज नसते, आणि दोन मांजरांची भांडणं सोडवणं हे आजींचं काम नव्हे.

चौथी पायरी: बघायला जा, आणि नुसतं बसा

मुंबईत 'वर्ल्ड फॉर ऑल', 'द फिलाइन फाउंडेशन', पुण्यात 'रेस्क्यू', गोव्यात कुडचड्याची 'गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट' अशा संस्था आहेत. लहान शहरांत जनावरांच्या डॉक्टरांकडे विचारा. कोण मांजरं सांभाळतं आणि कोणाकडे कसलं मांजर आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. आईला शक्य असेल तर बरोबर न्या. तिला झेपणार नसेल तर फोस्टरला मांजर घेऊन घरी यायची विनंती करा.

गेल्यावर मांजराला उचलून घेऊ नका. खुर्चीवर बसा, चहा आला तर प्या, फोस्टरशी बोलत राहा. पाच-दहा मिनिटांत जे मांजर आपणहून येऊन आईच्या पायाला गाल घासतं किंवा जरा लांब बसून डोळे सावकाश मिटून उघडतं, ते कामाचं. आईला एक बोट खाली धरायला सांगा, मांजराच्या नाकाच्या उंचीवर. मांजर हुंगेल, मग गाल पुढे करेल, तेव्हा गालावर आणि कानामागे खाजवायचं. पोटाला हात नाही. आता शेपटीकडे बघा. चार-पाच वेळा हात फिरवल्यावर शेपूट आपटायला लागली, पाठीची कातडी थरथरली किंवा कान मागे गेले, तर पुढची पायरी चावा असते. काही मांजरं कुरवाळून घेता घेता अशी अचानक चावतात. तरुण माणसाला चालेल, आईला नको.

मग फोस्टरला विचारा. कुकरची शिट्टी झाली की हे काय करतं? मिक्सर लावला की? भांडं पडलं की तासभर पलंगाखाली जाणारं मांजर वाईट नसतं, पण आईला ते दिवसभर दिसणारच नाही. माणूस उठून चालायला लागला की पायात येतं का? उचललेलं चालतं का, नखं कापू देतं का? रात्री दार वाजवतं का? पेटीबाहेर कधी केलंय का? कोरडं खाणं खातं, की फक्त बांगडाच लागतो? खरं फोस्टर अशा प्रश्नांना वैतागत नाही, उलट तोच तुम्हाला प्रश्न विचारतो. "घेऊन जा, सगळं करतं" म्हणून मांजर गळ्यात मारायला बघणाऱ्याकडून घेऊ नका.

शरीरही बघून घ्या. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, कानात काळा भुगा नाही (तो असला तर गोचिडीसारखे बारीक किडे असतात, इलाज सोपा असतो), हिरड्या गुलाबी, शेपटीखालची जागा कोरडी. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर घाबरू नका, बाहेरच्या मांजरांचं नसबंदीचं ऑपरेशन झाल्याची ती खूण असते. लशींचं कार्ड मागा. त्यावर तीन आजारांची एकत्रित लस आणि रेबीजची लस, दोन्हींच्या तारखा हव्यात. एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणारा) आणि एफईएलव्ही (मांजरांच्या ल्युकेमियाचा) या विषाणूंची तपासणी झाली आहे का तेही विचारा. एफआयव्ही असलेलं मांजर एकटं, घरातच राहणार असेल तर वर्षानुवर्षं चांगलं जगू शकतं. माणसाला तो विषाणू लागत नाही. अशा मांजराला कोणी घेत नाही, आणि एकट्या आजींचं शांत घर त्याला नेमकं मानवतं.

शेवटी दोन आठवड्यांची बोली करा. जमलं नाही तर मांजर परत घेणार का, हे आधीच विचारून घ्या. चांगल्या संस्था घेतात. कुठल्याही परिस्थितीत मांजर रस्त्यावर किंवा मच्छी मार्केटात सोडायचं नाही. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पाचवी पायरी: घर

खिडक्या आधी, बाकी सगळं नंतर. मांजर उंचावरून पडत नाही ही समजूत खोटी आहे. कबुतराच्या मागे झेपावताना चौथ्या-पाचव्या मजल्यावरून मांजरं पडतात. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी काही मांजरं दातांनी तोडतात. स्टीलची बारीक जाळी सगळ्यात बरी. हल्ली दिसणाऱ्या तारांच्या ग्रिलमधून सडपातळ मांजर सहज निसटतं.

विष्ठेची पेटी कुठे ठेवायची यावर आईची पुढची वर्षं सोपी जातील की अवघड ते ठरतं, म्हणून जरा सविस्तर. बाथरूममध्ये ठेवू नका. तिथली फरशी ओली असते, माती भिजते, तिचा चिखल होतो आणि आई घसरते. कोरड्या बाल्कनीत किंवा पॅसेजच्या टोकाला दीड फूट उंच, न डगमगणारं टेबल ठेवा आणि पेटी त्यावर. धडधाकट मांजर तेवढी उडी हसत मारतं आणि आईला कमरेत फार वाकावं लागत नाही. मांजर म्हातारं असेल तर मध्ये एक पायरीवजा स्टूल द्या. टेबल पेटीपेक्षा वीतभर मोठं हवं, म्हणजे मांजराच्या पायांना लागून येणारे मातीचे कण टेबलावरच पडतील. हे कण बारीक छर्ऱ्यांसारखे असतात, गुळगुळीत फरशीवर पायाखाली आले की सरकवतात. खाली पायपुसणं टाकायचा मोह होईल, पण टाकू नका. त्याच्या कडेला पाय अडकतो.

ओली झाली की गोळे होणारी बेंटोनाइट माती सोपी पडते, पण तिची पोती पाच-दहा किलोंची येतात. आईने ती उचलायची नाहीत. घरपोच मागवा आणि कामाच्या ताईंना किंवा इस्त्रीवाल्याला सांगून छोट्या डब्यांत भरून घ्या. गोळे रोज काढायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात, कमोडमध्ये कधीच नाही, पाइप तुंबतो. रोज काढण्याला आणखी एक कारण आहे. मांजराच्या विष्ठेतून येऊ शकणारा टॉक्सोप्लाझ्माचा परजीवी बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. त्याच्या आत साफ केलं आणि हात साबणाने धुतले की चिंता जवळपास संपते.

मग एकदा मांजराच्या उंचीवरून घर बघा. गोळ्यांचा डबा उघडा राहता कामा नये. पॅरासिटामॉल, जी आपण तापाला सहज घेतो, तिची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. मांजराला ताप वाटला म्हणून आईने पाव गोळी दुधात घातली, असं प्रेमापोटी घडतं, म्हणून तिला हे तोंडाने सांगा. कपड्यांतल्या डांबरगोळ्या काढून टाका. फिनाईलने फरशी पुसणं बंद, कारण मांजर त्यावर चालतं आणि मग पाय चाटतं. कुत्र्यांच्या गोचिडीचं औषध मांजराला लावायचं नाही, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विषारी असतं. गुच्छात लिलीची फुलं आली तर ती घरात आणूच नका. तिचे पराग अंगावरून चाटले, नुसतं फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. शिवणाचा दोरा, लोकर, गजऱ्याचा धागा, देवाच्या वातींचा गुंडा हे सगळं डब्यात. मांजराने दोरा गिळला तर तो आतडं कापत जातो, आणि तोंडाबाहेर किंवा मागे लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. समई आणि निरांजन उंच, बंद होणाऱ्या देवघरात.

सोसायटीचं म्हणाल तर कमिटीने बहुमताने ठराव केला म्हणून पाळीव प्राण्यावर बंदी येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलेलं आहे. पुण्यात असाल तर महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांच्याही नोंदणीला मंजुरी दिली, त्याची चौकशी करून घ्या.

सहावी पायरी: पहिले पंधरा दिवस

तुम्ही स्वतः त्या घरात राहू शकाल असेच दिवस निवडा. दिवाळीत आणू नका, फटाक्यांत घर बदललेलं मांजर महिनाभर सावरत नाही.

पहिल्या दिवशी एकच खोली. त्यात पेटी, पाणी, खाणं आणि लपायला आडवा टाकलेला पुठ्ठ्याचा खोका. खाणं पेटीपासून लांब ठेवायचं. मांजर पलंगाखाली गेलं तर जाऊ द्या, झाडू घालून बाहेर काढू नका. आईने फक्त त्या खोलीत बसायचं. पेपर वाचायचा, जप करायचा, फोनवर बोलायचं, म्हणजे मांजराला आवाज ओळखीचा होतो. पहिला दिवस काही न खाणं समजू शकतं. पण पूर्ण दोन दिवस काहीच गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करा, उपाशी मांजराच्या यकृतावर चरबी चढते आणि ते गंभीर असतं.

दोन-चार दिवसांत ते रात्री बाहेर यायला लागेल. मग हळूहळू बाकीच्या खोल्या उघडायच्या. रात्री आईच्या वाटेवर, म्हणजे पलंग ते बाथरूम, एक मंद दिवा कायम चालू ठेवा. पहाटे उठवायला लागलं तर उठल्या उठल्या खायला घालायची सवय मोडा. आधी आईने तोंड धुवायचं, चहा करायचा आणि मग वाटी. नाहीतर पाचचे चार आणि चारचे तीन व्हायला वेळ लागत नाही. संध्याकाळी दोरी बांधलेल्या काठीने खुर्चीत बसल्या बसल्या दहा मिनिटं खेळवलं आणि मग जेवण दिलं, की रात्र शांत जाते. हाताने खेळवायचं नाही, अगदी गमतीतही नाही.

मांजर घराला धरून असतं असं आपण म्हणतो. नव्या जागी ते महिनाभर तरी बिचकलेलं असतं आणि दार उघडं दिसलं की जुन्या घराच्या शोधात निघतं. दूधवाल्यासाठी आणि कचरेवाल्यासाठी दार उघडताना लक्ष ठेवायला लागेल. खाली मोकळं अंगण असलेलं बैठं घर असेल आणि मांजर बाहेर जाणारच असेल, तर पहिला महिना तरी आतच ठेवा आणि रेबीजची लस कधीही चुकवू नका.

खाणं आणि दवाखाना

चार किलोच्या मांजराला कोरडं खाणं दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतं, पाकिटावरचं प्रमाण बघा. एक वाटी ठरवून तिच्यावर मार्करने रेघ मारून द्या, म्हणजे मोजण्याचा घोळ नाही. एकट्या माणसाच्या घरातलं मांजर हमखास लठ्ठ होतं, कारण जेवताना समोर बसलेल्याला काही न देणं आपल्या संस्कारात बसत नाही. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. नुसतं उकडलेलं चिकन किंवा नुसते मासे हे पूर्ण जेवण नव्हे. कांदा-लसूण असलेलं काहीही नाही. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा, भिंतीलगत, म्हणजे आईचा पाय लागणार नाही. खाणं, माती आणि वर्षाचा दवाखाना मिळून महिन्याला दोन ते तीन हजार रुपये धरून चला. हा खर्च तुम्ही उचलणार असाल तर तसं आधी सांगा, आई पेन्शनीतून ओढाताण करत बसेल.

घरी येणारा जनावरांचा डॉक्टर शोधून ठेवा, जमलं तर मांजर यायच्या आधी. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या हॉस्पिटलासारखी मोठी ठिकाणं आहेत. पण आईने पेटारा घेऊन एकटीने रिक्षा शोधायची हे रोजच्या कामासाठी व्यवहार्य नाही. नखं दोन-तीन आठवड्यांनी कापायला, वर्षाची लस द्यायला, जंताचं औषध द्यायला घरी येणारे मिळतात. पेटारा वरून उघडणारा घ्या आणि तो कपाटावर ठेवू नका, घरात उघडाच राहू द्या. ज्यात रोज झोपायची सवय आहे त्यात मांजर निमूट बसतं.

दोन गोष्टींत वाट बघायची नाही. बोका पुन्हा पुन्हा पेटीत जातोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर लघवी अडकली आहे. हे बद्धकोष्ठासारखं दिसतं, म्हणून लोक एरंडेल शोधत बसतात. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठायचा, दुसऱ्या दिवसापर्यंत जीव जाऊ शकतो. आणि मांजर आईला चावलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरून टिंब दिसतं आणि आत खोलवर जंतू जातात, रात्रीत हात सुजतो. रेबीजच्या लशीचा निर्णय डॉक्टर घेतील, जाताना मांजराचं लशीचं कार्ड बरोबर न्या. ते कार्ड, आईची औषधांची यादी आणि फ्रिजवरच्या कागदाची एक प्रत एकाच प्लास्टिकच्या पाकिटात घालून दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवा, आणि त्याचा फोटो शेजाऱ्यांच्या फोनवरही असू द्या.